खाडीपलीकडचे गोडे पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. एरवी घंगाळातले पाणी तांब्याने मोजून घेणारी आजीदेखील त्या दिवशी नातवाच्या डोक्यावर चार तांबे जास्त ओतते, आणि उटणे डोळ्यांत गेले म्हणून तो ओरडू लागला की वर आणखी दोन. पाणी आधी पिण्याचे, मग आंघोळीचे, मग शेतामळ्याचे, हा क्रम आपल्याला कोणी पाटीवर लिहून शिकवला नाही. तो घरातच कळतो. पण पाण्यात खेळण्याची हौसही तितकीच जुनी आहे, आणि ती वाईट आहे असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. या हौसेची आणि त्या क्रमाची जेथे गाठ पडते, तेथे मात्र तंटा उभा राहतो. अशाच एका तंट्याची, मुंबईच्या उत्तरेकडल्या एका बेटावरची हकीकत येथे सांगायची आहे. तिच्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. मागे गेल्याशिवाय पुढे सरकणे हे शाळामास्तराच्या स्वभावातच नसते.

विजापूरच्या पूर्वेस कुमटगी नावाचे गाव आहे. तेथे आदिलशाहीतला एक जलमहाल उभा आहे. नळांतून पाणी वर चढवायचे आणि महालात बसलेल्या मंडळींच्या अंगावर तुषार पाडायचे, अशी तेथली योजना. भिंतींवर चौगान खेळणाऱ्या घोडेस्वारांची चित्रे काढलेली. आजच्या अहिल्यानगरजवळ निजामशाहीतला फराहबाग आहे. तो १५८३ साली पुरा झाला. मधोमध महाल आणि चहूबाजूंनी तलाव, असा त्याचा थाट होता. महाल अजून उभा आहे, तलाव आटून गेला. अशा ठिकाणी पाण्यात खेळायचे कोणी आणि पाणी आणायचे कोणी, हा प्रश्न त्या काळी विचारण्याची सोय नव्हती. सुलतानाला शेजारी नसतात, प्रजा असते.

पुण्याची गोष्ट जरा निराळी. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधवले आणि तेथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आणले. ते शनिवारवाड्यात गेले, तसेच पेठांतल्या हौदांतही गेले. वाड्यातले हजारी कारंजे आणि बाहेर घागर घेऊन उभी राहिलेली बाई, दोघांचा जीव एकाच पाण्यावर. तलाव आटला तर दोघांनाही कळायचे. मला या व्यवस्थेतली ही गोष्ट फार आवडते. मात्र तिचे फाजील कौतुकही करू नये, कारण घागर घेऊन कोणी उभे राहायचे आणि कोणी राहायचे नाही याचे नियम कडक होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे जुन्या हौदांच्या आठवणी बेताच्याच गोड लागतात.

तिकीट काढून पाण्यात खेळण्याची आजची तऱ्हा अमेरिकेची. फ्लॉरिडा संस्थानातील ऑर्लँडो येथे जॉर्ज मिले या गृहस्थाने १९७७ साली ‘वेट एन वाइल्ड’ नावाची बाग काढली. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, संथ वाहणारी नदी, सगळे कृत्रिम आणि सगळे एका कुंपणात. जगातील पहिली जलक्रीडा-बाग म्हणून तिचे नाव घेतात. ती २०१६ च्या अखेरीस बंद झाली. पण तोवर तिची पिले जगभर पसरली होती.

त्यांपैकी एक गोराईस आले.

मुंबईच्या नकाशात बोरिवली-मालाडच्या पश्चिमेस मनोरीची खाडी दिसते. खाडीच्या पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन ही गावे आहेत. या साऱ्या भागाला धारावी बेट म्हणतात. झोपडवस्तीमुळे जगाला ठाऊक झालेली धारावी ती ही नव्हे; नावापुरतेच साम्य. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेतली त्याआधी, या धारावीच्या ठाण्यासाठी पोर्तुगीजांशी निकराची झुंज झाली होती, कारण येथून वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येते. पोर्तुगीजांचा अंमल त्याआधी दोनशे वर्षे होता. त्या काळात बाप्तिस्मा घेतलेली कोळी आणि शेतकरी कुटुंबे येथेच राहिली. यांच्यापैकी पुष्कळ जण आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, त्यांनी जाणूनबुजून घेतले. नाव इंग्रजी, प्रार्थना देवळात, आणि भांडण मात्र अस्सल मराठीत! लग्नात हळद लावणारी आणि विहिरीचे पाणी वाजत-गाजत आणणारी ही माणसे. होय, विहिरीचे पाणी. नवरानवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणण्याचा विधी या समाजात अजून होतो. तेव्हा ‘तुमच्या विहिरीचे काय एवढे घेऊन बसलात, नळ येईल’ असे त्यांना सांगणाऱ्याने बोलण्यापूर्वी थोडा विचार करावा.

या गावांचा संसार तीन गोष्टींवर चालत आला. समुद्रातली आणि खाडीतली मासळी, पावसाळी भात आणि भाजीपाला, आणि काही ठिकाणी मीठ. खाडीच्या काठाने तिवरे. शहरातल्या माणसाला तिवरांचे रान म्हणजे चिखल, डास आणि दुर्गंधी वाटते. कोळणीला विचारा. तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात, निवट्या उड्या मारतात. घरधन्याची होडी महिनाभर किनाऱ्याला लागून राहिली तरी बाई टोपली घेऊन खाडीत उतरते आणि संध्याकाळचे कालवण घेऊन येते. ज्या जागेला कागदावर ‘पडीक’ म्हणतात, ती अशी रोज संध्याकाळी कोणाच्या तरी चुलीवर शिजत असते.

१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले. आकाशपाळणे, भुताचे घर, विमानासारख्या गिरक्या घेणारी यंत्रे. मार्वेहून किंवा गोराईच्या धक्क्यावरून बोटीत बसायचे आणि पलीकडे उतरायचे, यातच मुलांची अर्धी मौज. दूरदर्शनवरच्या जाहिरातीने तर त्या काळच्या पोरांना वेड लावले. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम निघाले. गिरगाव-दादरच्या चाळींत, जेथे पहाटे चार वाजता उठून पिंपे भरून ठेवावी लागत, तेथल्या मुलांना कमरेइतक्या पाण्यात दिवसभर डुंबायला मिळाले. त्यांच्या आनंदाला नावे ठेवणे मला जमणार नाही. माझ्या शाळेची सहलही एकदा अशाच एका जलक्रीडा-बागेत गेली होती. परतताना सहावीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे सगळं पाणी रात्री कुठं जातं?” इतिहासाच्या शिक्षकाला असे प्रश्न विचारू नयेत, असे मी तिला म्हणालो, आणि मग घरी येऊन वाचीत बसलो.

त्याचे उत्तर असे. ते पाणी कोठेही जात नाही. पंपाने ओढून वाळूच्या गाळण्यांतून नेतात, त्यात क्लोरीन मिसळतात आणि पुन्हा तळ्यात सोडतात. म्हणजे रोज नवे तळे भरावे लागते हा समज खरा नाही, आणि बागवाल्यांवर तसा आरोप करणारे आपलीच बाजू लंगडी करतात. पण पाणी उणे होते हे खरे. उन्हाने वाफ होते, अंगाबरोबर आणि घसरगुंडीच्या काठावरून सांडते, गाळणी उलट धुवावी लागतात तेव्हा बरेच गटारात जाते. वाफेपुरताच हिशेब मांडू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उन्हाळ्याच्या दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज पाच मिलिमीटर खाली जाते असे धरले, आणि हे काही फार झाले नाही, तर एका एकरातून वीस हजार लिटर पाणी दिवसाला आकाशात जाते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर नळाने द्यावे असे जलजीवन मिशनचे माप आहे. २०१९ पर्यंत ते ४० होते. वीस हजारांना ५५ ने भागा. साडेतीनशेहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी. बागेच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक, दोन टँकर. आणि बाग एका एकराची असते त्याच्या दुप्पट-चौपट करायची ठरली की हे टँकरही दुप्पट-चौपट, तेही नेमके वैशाख महिन्यात, जेव्हा गावची विहीर तळ दाखवते. सुट्टी आणि टंचाई यांचा मुहूर्त आपल्या देशात एकच आहे, ही खरी अडचण.

समुद्रकाठी तर आणखी एक भानगड असते, आणि येथे मला थोडे थांबायला हवे, कारण वाढीव बागेला विरोध करणारे किनाऱ्यावरचे गावकरी जे बोलतात त्यातले शास्त्र पुष्कळांना माहीत नसते. किनाऱ्याच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. खारे जड, गोडे हलके. हॉलंडचा गायबेन आणि जर्मनीचा हेर्झबर्ग या दोघांनी, एकमेकांची ओळख नसताना, एकोणिसावे शतक संपता-संपता याचे गणित शोधले. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. ऐकायला मोठे छान. पण हेच गणित उलटे करून पाहा. उपसा वाढून विहिरीची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू पाहते. विहीर आटली तर पुढच्या मृगात भरेल. विहीर खारी झाली तर ती कित्येक पावसाळे गोडी होत नाही. आणि खारी झाली हे प्रथम कोणाला कळते? पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्याला नव्हे. डाळ शिजत नाही, म्हणून ते स्वयंपाकघरात कळते.

हे घडू शकते याचा दाखला खाडीच्या उत्तर काठालाच होता. वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि विहिरींना जोडून असलेली बावखले. ऐंशीच्या दशकात तेथल्या विहिरींचे पाणी टँकरांनी उपसून मुंबईच्या दिशेने आणि नव्या इमारतींकडे जाऊ लागले. शेतकऱ्याला टँकरवाल्याकडून रोख पैसा मिळे, तेव्हा सारा दोष बाहेरच्यांचा होता असेही नाही. गावानेच गावाचे पाणी विकले. विहिरी खाऱ्या होऊ लागल्या तेव्हा डोळे उघडले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वाचकांना ते ठाऊक असतील. २०२४ साली ते गेले. पाद्रीबुवांनी पाण्याच्या भांडणात का पडावे असे तेव्हा काहींनी विचारले. पाण्याच्या भांडणात आपल्याकडे संतही पडले आहेत आणि सेनापतीही. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला त्यात बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली, ती काही लढाईसाठी नव्हती.

तेव्हा गोराई-उत्तनच्या माणसांनी वसईकडे पाहिले आणि आपल्या विहिरीकडे पाहिले. जे एक बाग म्हणून आले होते ते तेवढ्यावर थांबेल का, ही त्यांची धास्ती. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गोराई-मनोरी-उत्तन भागात पर्यटनासाठी असे क्षेत्र करावे, असा प्रस्ताव आला. आता प्रश्न घसरगुंडीचा राहिला नाही, गावांचाच झाला. धारावी बेट बचाव समितीने विरोध उभा केला. कोळी, शेतकरी, देवळातले धर्मगुरू, गावातल्या बाया, सगळे त्यात आले. तो प्रस्ताव मागे पडला. पुढे याच भागाला करमणूक आणि पर्यटनाचा विभाग ठरवून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आराखडा केला, तेव्हा तीच माणसे पुन्हा हरकती घेऊन उभी राहिली.

त्यांच्या हरकतींकडे शहरातून पाहणाऱ्यांची एक ठरलेली प्रतिक्रिया असते. या लोकांना प्रगती नको. मला हे विधान फारसे पटत नाही. बागेत नोकऱ्या लागल्या त्या गावच्या मुलांनी केल्या. रिक्षा, खानावळी, नारळपाणी, राहायच्या खोल्या, यांतून घरांत पैसा आला. गावात दोन मते पडली आणि काही घरांत तर बापाचे एक आणि मुलाचे दुसरे झाले. कादंबरीकाराला असली घरे फार मोलाची वाटतात. मासळी कमी होत चालली हे बापालाही दिसत होते आणि कारखान्याची नोकरी मिळणार नाही हे मुलालाही. पण ‘नोकरी हवी’ म्हणणे आणि ‘खाडी भरून टाका’ म्हणणे या एकच गोष्टी नव्हेत, हे दोघांनाही कळत होते. ते ऐकायला मात्र कोणी बसले नव्हते.

कोठे बसणार? ही आणखी एक मौज पाहा. खेड्यात ग्रामसभा असते. तेथे म्हातारी बाईसुद्धा उठून बोलू शकते. पण मनोरी आणि गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत, उत्तन मीरा-भाईंदरच्या. म्हणजे होड्या, जाळी, भात, विहिरी असलेली गावे कागदोपत्री शहरे झाली, आणि शहराला ग्रामसभा नसते. मोठ्या प्रकल्पापूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी, असा नियम केंद्र सरकारने १९९७ साली केला खरा. पण २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत इमारती आणि क्षेत्रविकास या वर्गातील प्रकल्पांना त्या सुनावणीतून वगळण्यात आले. आणि वीस हजार चौरस मीटरांच्या आतल्या बांधकामाला त्या अधिसूचनेखालची परवानगीही नको. जो मालक दर चार वर्षांनी थोडे-थोडे वाढवतो, त्याच्या वाट्याला प्रश्न कमी येतात. एकदम डोंगर उचलणाऱ्याला लोक पाहतात, रोज टोपलीभर माती नेणाऱ्याला कोण पाहतो?

तरी सगळेच वारे उलटे होते असे नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीच्या रेषेजवळ काय बांधावे, काय बांधू नये याला पहिल्यांदा काही शिस्त आली. ऑक्टोबर २००५ मध्ये, त्याच वर्षीच्या २६ जुलैच्या प्रलयाची ओल अजून भिंतींत असताना, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवण्याचा हुकूम दिला. २०१८ साली त्याच खटल्याचा अंतिम निकाल लागला. तिवरे नष्ट करणे हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असे न्यायालयाने म्हटले. कोळणीची टोपली असल्या निकालपत्रात दिसत नाही. पण निकाल तिच्या बाजूचा होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न किनारा सोडून साऱ्या महाराष्ट्रात आला. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. क्रिकेटच्या मैदानांवर पाणी मारण्यावरून उच्च न्यायालयात वाद झाला आणि एप्रिलअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. त्या दिवसांत घसरगुंड्यांच्या जाहिराती वाचताना लोकांना पहिल्यांदाच संकोच वाटला. पाऊस पडला आणि संकोच गेला.

गोराईचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. करोनाच्या साथीनंतर, २०२२ साली, एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याचे वृत्त आले. आकाशपाळणे थांबले, वॉटर किंगडम मात्र चालू राहिले. सगळ्या खेळण्यांत पाणीच टिकले, यात मला आश्चर्य वाटले नाही. खाडीपलीकडून सोनेरी पॅगोडाचा कळस दिसतो. २००९ साली तो खुला झाला, तेव्हापासून शांती शोधणारे आणि डुंबायला जाणारे एकाच बोटीत शेजारी-शेजारी बसतात.

आणि २०२१ साली मुंबई महापालिकेने ठरवले की समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याचा कारखाना काढायचा. रोज वीस कोटी लिटर पाण्याचा, पुढेमागे दुप्पट करता येईल असा. त्यासाठी जागा निवडली ती मनोरीची. पाण्यातून काढलेला खारटपणा, म्हणजे दाट मिठवणी, पुन्हा समुद्रातच सोडावी लागते, आणि ती ज्या पाण्यात सुटणार तेथे जाळी टाकणारे लोक तेच आहेत. त्यांनी विचारण्यासारखे प्रश्न आता तीन आहेत. मिठवणी किती लांब नेऊन सोडणार, होड्यांची वाट कोठून राहणार, आणि त्या वीस कोटी लिटरांतले गोडे पाणी मनोरीच्या नळाला किती वाजता येणार.